एकच क्यूआर कोड: अँड्रॉइडवाल्याला प्ले स्टोअर, आयफोनवाल्याला ॲप स्टोअर

टंकयात्री (धागाकर्ता)

एका सार्वजनिक वाचनालयाचं ॲप अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर येतंय. ए५ पत्रक, सभासद-कार्डाची मागची बाजू (तिथे जागा जेमतेम २ सेंमी) आणि दाराशी ६ बाय ४ फुटांचा फ्लेक्स, तिन्हींवर एकच क्यूआर हवा आहे. स्कॅन केलं की ज्याच्या त्याच्या स्टोअरमध्ये थेट जावं.

प्रश्न असे: हे स्वतः करता येतं का, की महिन्याचं भाडं घेणारी सेवा लागतेच? आयपॅडवाल्यांचं काय होतं? पत्रकावरून किती आले आणि फ्लेक्सवरून किती, हे वेगळं कळेल का? संस्थेचं संकेतस्थळ आहे. साधं शेअर्ड होस्टिंग, अपाची हा वेब सर्व्हर, त्यावर वर्डप्रेस.

---

सर्व्हरबुवा

भाड्याची सेवा लागत नाही. आधी एक गोष्ट पक्की करा: क्यूआर कोड काहीही ठरवत नाही. त्यात फक्त मजकूर असतो, इथे एक पत्ता. फोन कुठला आहे ते क्यूआरला कळत नाही, कळतं ते पत्ता उघडल्यावर सर्व्हरला. म्हणून क्यूआरमध्ये स्टोअरचा पत्ता घालायचाच नाही. स्वतःच्या डोमेनवरचा छोटा पत्ता घालायचा, समजा एचटीटीपीएस://अमुक.इन/ए, आणि तिथून पुढे कुणाला कुठे पाठवायचं ते सर्व्हरवर लिहायचं.

अपाचीत हे डॉट-एचटीॲक्सेस या सेटिंगच्या फाइलमध्ये होतं. अट आणि नियम (रीराइटकंड आणि रीराइटरूल) अशा दोन जोड्या पुरतात. पहिली: युजर एजंटमध्ये (ब्राउझर सर्व्हरला स्वतःची ओळख सांगतो ती ओळ) 'आयफोन', 'आयपॅड' किंवा 'आयपॉड' आलं तर ॲप स्टोअरच्या पत्त्यावर ३०२ (तात्पुरतं वळण). दुसरी: 'अँड्रॉइड' आलं तर प्ले स्टोअरच्या पत्त्यावर ३०२. दोन्हींत बसलं नाही तर /ए या पत्त्यावर साधं पान, त्यावर दोन मोठी बटणं.

हमखास अडायच्या जागा:

रीराइटकंडची अट तिच्या लगेच खालच्या एकाच रीराइटरूलला लागू होते. एक अट लिहून खाली दोन नियम टाकले तर दुसरा नियम बिनशर्त चालतो आणि भलत्या फोनवालेही त्या स्टोअरवर जाऊन आदळतात.

डॉट-एचटीॲक्सेसमध्ये नियमाचा पॅटर्न तिरक्या रेघेने सुरू करायचा नाही. ^ए$ चालतं, ^/ए$ कधीच जुळत नाही.

वर्डप्रेसचा जो भाग 'बिगिन वर्डप्रेस' आणि 'एंड वर्डप्रेस' या खुणांमध्ये असतो, त्याच्या आत काही लिहू नका. पर्मालिंक सेव्ह केले की वर्डप्रेस तो भाग नव्याने लिहितं आणि तुमचे नियम जातात. आपले नियम त्या भागाच्या वर ठेवा.

आणि ३०१ वापरू नका. ३०१ म्हणजे कायमचा बदल, ब्राउझर तो लक्षात ठेवतो. पुढे ॲपचा पत्ता बदलला तरी ज्याने आधी स्कॅन केलंय त्याचा फोन सर्व्हरला न विचारता जुन्याच जागी जाईल. ३०२, आणि सोबत कॅश-कंट्रोल हेडर 'नो-स्टोअर', म्हणजे हे उत्तर साठवून ठेवू नका.

---

उत्तरा_के

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, त्यात एक भर. मध्ये सीडीएन (पानांच्या प्रती साठवून, म्हणजे कॅश करून, देणारी सेवा) असेल आणि कुणी 'सगळं कॅश करा' असा नियम लावला असेल, तर ३०२ सुद्धा कॅश होऊ शकतो. मग पहिला स्कॅन अँड्रॉइडवरून झाला की पुढच्या सगळ्यांना, आयफोन धरून, प्ले स्टोअर मिळतं. हा घोळ शोधायला कठीण, कारण तपासणाऱ्याच्या हातात बहुधा अँड्रॉइडच असतो आणि त्याला सगळं छान दिसतं. /ए हा पत्ता सीडीएनच्या कॅशमधून वगळा. व्हेरी हेडरमध्ये युजर-एजंट लिहिणं (युजर एजंटगणिक वेगळी प्रत ठेवा अशी सूचना) हा दुसरा उपाय, पण सगळे सीडीएन तो पाळत नाहीत.

---

टंकयात्री

आयपॅड?

---

सर्व्हरबुवा

आयपॅडओएस १३ पासून (२०१९) आयपॅडची सफारी डीफॉल्टनेच स्वतःला मॅक म्हणवते. युजर एजंटमध्ये 'मॅकिंटॉश' येतं, 'आयपॅड' येत नाही. सर्व्हरला मॅक आणि आयपॅड यांतला फरक कळायला मार्ग नाही. म्हणून मॅकला त्या दोन बटणांच्या पानावरच येऊ द्या आणि पानावर चार ओळींची जावास्क्रिप्ट ठेवा: प्लॅटफॉर्म मॅक असेल आणि नॅव्हिगेटरचा मॅक्सटचपॉइंट्स १ पेक्षा जास्त असेल तर तो आयपॅड. मॅकवर ही संख्या ० येते, आयपॅडवर ५.

अँड्रॉइडच्या बाजूला असाच एक प्रकार आहे. क्रोममध्ये 'डेस्कटॉप साइट' चालू असेल तर युजर एजंटमधून 'अँड्रॉइड' हा शब्दच जातो, उरतं लिनक्स. मोठ्या टॅबलेटवर हा पर्याय आधीपासून चालू असू शकतो. अशांनाही तेच पान. थोडक्यात, बटणांचं पान उरल्यासुरल्यांसाठी म्हणून कसंतरी उरकू नका, नीट बनवा.

गूगलने युजर एजंट आटोपशीर केल्यापासून अँड्रॉइड क्रोम आवृत्ती '१०' आणि मॉडेल 'के' एवढंच सांगतो. पण 'अँड्रॉइड' हा शब्द शिल्लक आहे, आपलं काम भागतं. आवृत्तीवरून किंवा मॉडेलवरून काही ठरवायचा बेत असेल तर तो सोडून द्या.

---

खटपट्या

एवढा खटाटोप कशाला? दोन क्यूआर छापा, एकावर अँड्रॉइड लिहा, एकावर आयफोन. सर्व्हर नको, काही नको.

---

शाई_आणि_कागद

@खटपट्या, छपाईच्या बाजूने सांगतो. दोन क्यूआर शेजारी ठेवले की कॅमेरा फ्रेममधला कुठला उचलेल ते माणसाच्या हातात राहत नाही. अंतर ठेवावं तर २ सेंमीच्या जागेत ते बसणार कुठून? शिवाय थेट स्टोअरचे पत्ते लांबलचक. हिशोब बघा.

प्ले स्टोअरचा पत्ता 'आयडी=' पर्यंतच ४६ अक्षरं खातो. पुढे पॅकेजचं नाव २५ अक्षरांचं धरा, झाली ७१. एम दर्जाच्या त्रुटीदुरुस्तीला (कोड मळला तरी वाचता यावा म्हणूनचे दर्जे, चढत्या क्रमाने एल, एम, क्यू, एच) आवृत्ती ५ लागते, म्हणजे ३७ × ३७ चौकोन. कुठून आले ते मोजायला रेफररची ४५ अक्षरं जोडली की ११६, आवृत्ती ७, ४५ × ४५.

'एचटीटीपीएस://अमुक.इन/ए' रोमनमध्ये १७ अक्षरांचं. ते क्यू दर्जा ठेवूनही आवृत्ती २ मध्ये बसतं, २५ × २५.

आता चारही बाजूंना ४-४ चौकोनांची कोरी जागा धरा. २ सेंमीत २५ + ८ = ३३ चौकोन, प्रत्येक ०.६ मिमी. लांब पत्त्याला ४५ + ८ = ५३ चौकोन, प्रत्येक ०.३८ मिमी. ०.३८ ऑफसेटवर निघतो, पण कार्ड चकचकीत, खिशात घासलेलं आणि फोन स्वस्तातला असेल तर वाचता वाचत नाही. एवढ्याशा कार्डावर लहान पत्ता हाच खरा उपाय, बाकी सगळी मलमपट्टी.

---

नाखवा

अजून आक्रसता येतं. क्यूआरमध्ये अंक, मोठी रोमन अक्षरं आणि निवडक चिन्हं अशा ४५ वर्णांचा वेगळा संच आहे, तो कमी जागा घेतो. पूर्ण पत्ता कॅपिटलमध्ये लिहिला तर तीच १७ अक्षरं एम दर्जाला आवृत्ती १ मध्ये, म्हणजे २१ × २१ मध्ये बसतात. किंवा आवृत्ती २ ठेवून सगळ्यात वरचा एच दर्जा मिळतो.

प्रोटोकॉल आणि डोमेन यांना लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडत नाही. शेवटच्या तुकड्याला पडतो. म्हणून रीराइटरूलला एनसी हा फ्लॅग (लहान-मोठं अक्षर एकच माना) लावा, नाहीतर कॅपिटल पत्त्याला ४०४ मिळेल. डोमेननंतरची तिरकी रेघ त्या ४५ मध्ये आहे, प्रश्नचिन्ह आणि 'बरोबर'ची खूण नाहीत. त्यामुळे ?एस=फ्लेक्स असं शेपूट लावायचं तर ही युक्ती गेली. जागा वेगळ्या मोजायला /ए१, /ए२, /ए३ असे वेगळे पत्तेच करा.

आणि पत्त्यात देवनागरी घालायचा मोह टाळा. एकेका देवनागरी चिन्हाचे यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट, टक्केवारी-रूपात (पत्त्यासाठी % चिन्हं घालून लिहिलेल्या रूपात) ९ अक्षरं. 'वाचनालय' या एका शब्दाची ६३ अक्षरं होतात. डॉट-भारत डोमेनचंही तेच दुखणं: ते सगळीकडे नीट उघडावं म्हणून 'एक्सएन' ने सुरू होणारं रोमन रूप घालावं लागतं, आणि मग माणसाला ते वाचता येत नाही.

---

टंकयात्री

म्हणजे कार्डाला /ए१, पत्रकाला /ए२, फ्लेक्सला /ए३. तीन वेगळे क्यूआर, पण नियम एकाच ठिकाणी. हे पटलं. मोजायचं कसं?

---

उत्तरा_के

दोन थर आहेत. स्कॅन किती झाले हे तुमच्या सर्व्हरच्या लॉगमध्येच दिसतं, कुठली सेवा नको. फक्त व्हॉट्सॲपवर कुणी तो पत्ता पाठवला की पूर्वदृश्य आणायला आलेली विनंतीही लॉगमध्ये पडते. तिच्या युजर एजंटमध्ये 'व्हॉट्सॲप' असतं, ती वगळून मोजा.

ॲप किती जणांनी उतरवलं हे स्टोअरकडून. प्लेच्या पत्त्याला रेफरर जोडायचा, त्याच्या आत यूटीएम-सोर्स आणि यूटीएम-मीडियम (माणूस कुठून, कशावरून आला ते सांगणाऱ्या खुणा). आतलं 'बरोबर'चं चिन्ह %३डी आणि 'अँड'चं चिन्ह %२६ असं लिहावं लागतं. नाहीतर पहिल्या 'अँड'पाशी रेफरर तुटतो आणि मीडियम हरवतो. ॲपलकडे पीटी आणि सीटी अशी दोन शेपटं आहेत. पीटी म्हणजे तुमचा प्रोव्हायडर क्रमांक, सीटी म्हणजे मोहिमेचं नाव. तयार पत्ता ॲप स्टोअर कनेक्टच्या ॲनालिटिक्समध्ये बनवून मिळतो.

---

सर्व्हरबुवा

इथे अपाचीचा एक सापळा आहे. रीराइटरूलच्या उजव्या बाजूला % आणि त्यापुढे अंक आला की अपाची त्याचा अर्थ 'वरच्या अटीतला अमक्या क्रमांकाचा गट' असा घेतं. म्हणजे %३डी मधलं %३ गायब होतं आणि उरतं नुसतं 'डी'. प्रत्येक % च्या आधी उलटी तिरकी रेघ द्या आणि फ्लॅगमध्ये एनई जोडा. एनई नसेल तर % चं %२५ होतं आणि रेफरर पुन्हा बिघडतो. पूर्ण फ्लॅग: आर=३०२, एल, एनसी, एनई.

पुढचा पत्ता क्वेरीमधून (पत्त्यातल्या प्रश्नचिन्हानंतरच्या भागातून) घेणारा नियम मात्र लिहू नका, म्हणजे /ए?टू=कुठलाही-पत्ता असा. सोयीचा वाटतो, पण तुमच्या संस्थेच्या नावाखाली कुणीही कुठेही लोकांना पाठवू शकतं.

---

मधली_सुट्टी

एक व्यवहाराचा मुद्दा कुणी मांडला नाही. आपल्याकडे क्यूआर दिसला की हात आधी पैसे भरायच्या ॲपकडे जातो. यूपीआयची ॲप्स त्यांचा ठरलेला पत्ता शोधत असतात, यूपीआय://पे ने सुरू होणारा. वेबचा पत्ता दिसला की काही 'अवैध क्यूआर' म्हणून मोकळी होतात. मग माणूस काउंटरवर येऊन सांगतो, तुमचा कोड चालत नाही.

कोडखाली स्पष्ट छापा: 'फोनच्या कॅमेऱ्याने किंवा गूगल लेन्सने स्कॅन करा. हा पैसे भरण्याचा कोड नाही.' त्याखाली छोटा पत्ता वाचता येईल अशा अक्षरात. काहीच चाललं नाही तर माणूस तो टाइप तरी करेल. कुणी वर दुसरं स्टिकर चिकटवलं तर पत्ता जुळत नाही हेही लक्षात येतं. वर्गणीचा यूपीआय कोड त्याच काउंटरवर असेल तर दोन्ही एका चौकटीत ठेवू नका.

आयफोनच्या कॅमेऱ्याला आयओएस ११ पासून (२०१७) क्यूआर वाचता येतो, वेगळं ॲप लागत नाही. जुन्या स्वस्त अँड्रॉइडच्या कॅमेऱ्याला येईलच असं नाही, म्हणून लेन्सचा उल्लेख.

---

नाखवा

याला जोडून: दुसऱ्या ॲपच्या आतल्या स्कॅनरने वाचलं की पान बहुधा त्या ॲपच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडतं. तिथे मार्केट:// किंवा आयटीएमएस-ॲप्स:// असे थेट स्टोअरचं ॲप उघडणारे पत्ते अडतात, कोरं पान किंवा 'पत्ता चुकीचा' असा संदेश येतो. दोन्हीकडे नेहमी एचटीटीपीएसचेच पत्ते द्या. स्टोअरचं ॲप उघडलं नाही तर निदान स्टोअरचं वेबपान तरी उघडतं.

त्याच कारणासाठी सर्व्हरचा ३०२ हा जावास्क्रिप्टच्या टायमरपेक्षा बरा. 'तीन सेकंदांत तुम्हाला नेत आहोत' अशी पानं सुंदर दिसतात, पण वापरकर्त्याने बोट न लावता टायमरने दुसरं ॲप उघडायला क्रोम सहसा देत नाही.

---

पार्सिपनीकर

परदेशातल्या सभासदांसाठी दोन गोष्टी. ॲप स्टोअरच्या पत्त्यातला /इन/ हा देशाचा तुकडा काढा. त्याशिवायचा पत्ता, म्हणजे ॲप्स.ॲपल.कॉम/ॲप/आयडी आणि पुढे क्रमांक, चालतो आणि ज्याचं खातं ज्या देशाचं त्याला त्याच देशाचं पान मिळतं.

दुसरी गोष्ट क्यूआरच्या हातातली नाही. ॲप फक्त भारतासाठी प्रसिद्ध केलेलं असेल तर अमेरिकेचं खातं असलेल्याला ते उपलब्ध नाही असाच निरोप येणार. त्याला खात्याचा देश बदलायला सांगू नका. प्लेमध्ये तो वर्षातून एकदाच बदलता येतो, ॲपलमध्ये शिल्लक रक्कम आणि चालू वर्गण्या आधी संपवाव्या लागतात. प्ले कन्सोल आणि ॲप स्टोअर कनेक्ट दोन्हींत देशांची यादी असते, तिथे देश जोडणं हे ॲपवाल्यांचं काम.

---

खटपट्या

बरं, दोन क्यूआरचा हट्ट सोडला. पण तयार सेवा घेतली तर बिघडलं काय? सगळं आयतं मिळतं.

---

सर्व्हरबुवा

मिळतं, पण छापलेल्या कागदावर दुसऱ्याचं डोमेन असतं. चाचणीचा काळ संपला, भाडं थकलं किंवा सेवाच बंद झाली की कागद मेला. हे मोठ्यांच्या बाबतीतही होतं: गूगलचं फायरबेस डायनॅमिक लिंक्स नेमक्या याच कामासाठी जगभर वापरलं जायचं आणि २५ ऑगस्ट २०२५ ला बंद झालं. ज्यांनी त्याचे पत्ते छापले होते त्यांचे क्यूआर दिसायला होते तसेच आहेत, उघडत नाहीत.

काही 'मोफत' जनरेटर न सांगता तुमच्या पत्त्याऐवजी स्वतःचा छोटा पत्ता कोडमध्ये घालतात. छापायला देण्याआधी स्कॅन करून कॅमेऱ्यावर येणारा पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. तुमचंच डोमेन दिसलं पाहिजे.

सेवा घ्यायचीच तर तुमचं डोमेन जोडू देणारी घ्या. ती बंद पडली तर डोमेन दुसरीकडे वळवता येतं. आणि डोमेनचं नूतनीकरण आपोआप होईल असं ठेवा, पदाधिकाऱ्याच्या खाजगी ईमेलवर नको. कार्यकारिणी बदलते, छापलेली कार्डं बदलत नाहीत.

ज्यांच्याकडे अपाची नाही त्यांच्यासाठी: क्लाउडफ्लेअर वर्कर्सच्या मोफत योजनेत दिवसाला १ लाख विनंत्या मिळतात, त्यात हे दहा ओळींत होतं. गिटहब पेजेससारख्या स्थिर जागेवर युजर एजंट बघून ३०२ देता येत नाही, तिथे जावास्क्रिप्ट आणि बटणं यांवरच भागवावं लागतं.

---

टंकयात्री

कोड बनवायला काय वापरू? आणि छापखान्याला काय पाठवू?

---

शाई_आणि_कागद

लिनक्सवर क्यूआरएनकोड ही आज्ञा पुरेशी आहे: प्रकार एसव्हीजी, दर्जा क्यू, मार्जिन ४. आज्ञा न लिहिता माउसने करायचं तर इंकस्केपमध्ये एक्स्टेन्शन्स, रेंडर, बारकोड, क्यूआर कोड. लिब्रेऑफिसमध्येही ६.४ पासून सोय आहे. यांतलं काहीही इंटरनेटशिवाय चालतं, त्यामुळे मधल्या पत्त्याचा प्रश्नच नाही.

छापखान्याला एसव्हीजी किंवा पीडीएफ द्या. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, जेपीजी होताना कडा मळतात. कोरलड्रॉमध्ये घेतल्यावर काळा रंग फक्त के १००, म्हणजे नुसती काळी शाई, आहे ना ते बघायला सांगा. आरजीबीतला काळा चार शाईंचा होतो, प्लेटा केसभर सरकल्या तरी चौकोनांना रंगीत झालर येते.

डिझायनर हमखास करतो त्या तीन गोष्टी: कोरी जागा कापून चौकट लावतो, गडद पार्श्वभूमीवर पांढरा कोड करतो, मध्ये बोधचिन्ह बसवतो. पहिली चालणार नाही. दुसरीत काही स्कॅनर वाचतच नाहीत, त्यामुळे तीही नको. तिसरी करायचीच तर एच दर्जा घ्या आणि चिन्ह लहान ठेवा. एच दर्जा ३० टक्क्यांपर्यंत नुकसान भरून काढतो म्हणून ३० टक्के झाकायचं नसतं, डाग आणि सुरकुत्या यांनाही त्यातलंच द्यायचं असतं. २ सेंमीच्या कार्डावर तर चिन्ह मुळीच नको.

फ्लेक्सला ढोबळ नियम १०:१. तीन मीटरवरून वाचायचा तर ३० सेंमीचा कोड. छातीच्या उंचीवर ठेवा, काठावरच्या रिंगांपासून लांब, तिथे कापड ताणून वाकतं.

---

टंकयात्री

शेवटची शंका. आयफोनचं ॲप अजून ॲपलच्या तपासणीत आहे. कार्डं आता छापली तर?

---

सर्व्हरबुवा

छापा. ॲप प्रसिद्ध होईपर्यंत आयफोनचा नियम तात्पुरता 'आयफोनवर लवकरच' अशा पानावर वळवून ठेवा, मंजुरी आली की एक ओळ बदला. ३०१ नसल्यामुळे आधी स्कॅन केलेल्यांनाही नवीन जागा मिळेल.

तपासायला कर्ल ही आज्ञा वापरा: फक्त हेडर मागवा, युजर एजंट म्हणून एकदा 'आयफोन', एकदा 'अँड्रॉइड', एकदा 'मॅकिंटॉश' द्या, अर्थात रोमनमध्ये. पहिल्या दोन्हींत ३०२ आणि बरोबर लोकेशन आलं पाहिजे, तिसऱ्यात २०० (वळण नाही, पान सरळ मिळालं). डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू आहे-नाही यावरून आधी दुसरंच वळण लागतंय का तेही तिथेच दिसेल. लागत असेल तर कोडमध्ये वळणानंतरचा अंतिम पत्ता घाला.

---

उत्तरा_के

ज्यांच्याकडे ॲप आधीच आहे त्यांना स्टोअरऐवजी थेट ॲप उघडून हवं असेल तर ते याच पत्त्यावर नंतर जोडता येतं, कार्ड बदलावं लागत नाही. डोमेनवर वेल-नोन फोल्डरमध्ये दोन फाइली लागतात: ॲपलची ॲपल-ॲप-साइट-असोसिएशन (नावापुढे जेसन हे शेपूट नाही, पण प्रकार जेसन) आणि अँड्रॉइडची ॲसेटलिंक्स. दोन्ही थेट मिळाल्या पाहिजेत, मध्ये वळण चालत नाही. ॲसेटलिंक्समध्ये ॲपच्या सहीचा एसएचए-२५६ ठसा घालताना प्ले कन्सोलच्या ॲप साइनिंग पानावरचा घ्या, अपलोड की चा नाही. विकासकाच्या यंत्रावर सगळं चालतं आणि प्लेवरून उतरवलेल्या ॲपमध्ये चालत नाही, तेव्हा बहुतेक वेळा हाच ठसा चुकलेला असतो.